अ‍ॅव्होकाडो खा, पण कशाच्या जागी ते आधी ठरवा

पत्र: ताई, नमस्कार. मी वारज्यात राहते. घरात सासू-सासरे, नवरा, मी आणि आठ महिन्यांची मुलगी. नवऱ्याच्या ऑफिसच्या चेकअपमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 148 आलं, तेव्हापासून त्याने रोज एक अ‍ॅव्होकाडो खायचं मनावर घेतलंय. अ‍ॅपवरून मागवतो, एक फळ दीडशे-दोनशेला पडतं. आल्या आल्या मी फ्रीजमध्ये ठेवते तर आठवडाभर टणकच राहतं आणि कापलं की आत काळ्या रेषा. एकदा सासूबाईंनी फोडणीला टाकून भाजी केली, ती कडू झाली, कुणीच खाल्ली नाही. त्या म्हणतात एवढ्या पैशात किती शेंगदाणे येतील. सासऱ्यांना शुगर आहे, क्रिएटिनिन थोडं वाढलंय, त्यांनाही हे चालेल असं नवरा म्हणतो. टोस्टवर लावून लावून तो स्वतःही आता कंटाळलाय. खरंच एवढं काही आहे का या फळात? कुणी खायचं, कुणी नाही, मुलीला चालेल का, आणि आपल्या पद्धतीने काय करता येईल? – एक वाचक, वारजे

अगं, बरेच प्रश्न विचारलेस, पण सगळ्यात आधी सासऱ्यांचं सांगते, कारण बाकीचं उद्या केलंस तरी चालेल, हे आजच करायचंय. त्यांना अ‍ॅव्होकाडो देत असशील तर सध्या थांबव. शुगरसाठी फळ चांगलं आहे, शंभर ग्रॅममध्ये साखर एक ग्रॅमसुद्धा नसते, त्यामुळे नवरा म्हणतो ते तेवढ्यापुरतं बरोबर. पण क्रिएटिनिन वाढलंय म्हणजे किडनीचं काम मंदावलंय का ते बघावं लागतं, आणि किडनी मंदावली की जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं तिला जड जातं. अ‍ॅव्होकाडोत शंभर ग्रॅमला साधारण 485 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, केळ्यात 360 च्या आसपास, म्हणजे केळं जपून खा म्हणून सांगितलेल्या माणसाला हे आणखी जपूनच खायला हवं. बटाटा किंवा पालेभाजी उकळून पाणी फेकून दिलं की त्यातलं पोटॅशियम बरंच कमी होतं, किडनीच्या पेशंटना तसं सांगतातही, पण हे फळ कच्चंच खायचं असल्याने ती सोय इथे नाही. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी काही जाणवेलच असंही नाही. तर त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचार, रिपोर्टमध्ये सीरम (म्हणजे रक्तातलं) पोटॅशियम आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) बघून ते सांगतील, कदाचित थोडंसं खायला हो पण म्हणतील. बीपीची गोळी चालू असेल तर तीही दाखव कारण काही गोळ्यांनी पोटॅशियम चढतं. आणि घरात कुणाला रक्त पातळ व्हायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर आहारात असा कुठलाही बदल डॉक्टरांच्या कानावर घालूनच करायचा.

आता नवरोबा. फळ चांगलंच आहे, त्यात वादच नाही. शंभर ग्रॅम गरात साधारण 160 कॅलरी, पंधरा ग्रॅमच्या आत-बाहेर फॅट आणि त्यातलं जवळजवळ दहा ग्रॅम मोनोअनसॅच्युरेटेड, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतं त्याच जातीचं. फायबर पावणेसात ग्रॅमच्या आसपास, आणि हे मला फॅटपेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तरी फायबर लागतं आणि सकाळी पोहे, दुपारी कँटीनचा भात, संध्याकाळी चहा-खारी असं खाणाऱ्या माणसाच्या पोटात त्याच्या निम्मं पण जात नाही. शिवाय फोलेट (बी गटातलं व्हिटॅमिन), थोडं ई आणि के व्हिटॅमिन. आणखी एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, गाजर, टोमॅटो, पालेभाजीतली जी रंगद्रव्यं शरीराला हवी असतात ती फॅटसोबतच नीट शोषली जातात, त्यामुळे नुसत्या सॅलडपेक्षा त्यात चार फोडी अ‍ॅव्होकाडो घातलेलं सॅलड जास्त अंगी लागतं. अर्थात कोशिंबिरीत आपण दाण्याचं कूट आणि फोडणी घालतो त्यानेही तेच काम होतं.

पण "रोज एक खाल्ला की एलडीएल उतरेल" हे जे त्याने वाचलंय ना, ते त्या अभ्यासांपेक्षा जरा जास्तच पुढे गेलेलं आहे. अमेरिकेत हजारभर लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, 2022 साली त्याचे निष्कर्ष आले. पोटाचा घेर वाढलेल्या लोकांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक अ‍ॅव्होकाडो दिला, बाकी आहार ज्याचा त्याचा नेहमीचा. शेवटी पोटातली चरबी काही कमी झाली नाही, वजन वाढलंही नाही, आणि एलडीएल उतरलं ते सरासरी अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. 148 चं 145-146, बस. त्याच वर्षी दुसरा अभ्यास आला, एक लाख दहा हजारांवर नर्सेस आणि डॉक्टरी पेशातली वगैरे माणसं, तीस वर्षांची माहिती, त्यात आठवड्याला अर्ध्या-अर्ध्या फळाचे दोन वाटे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण 16 टक्क्यांनी कमी दिसलं. ही नुसती निरीक्षणं आहेत, असं खाणारी माणसं बाकी पण जपून खात असतात हे लक्षात ठेवायचं, पण त्यातली एक गोष्ट तुझ्या घरासाठी अगदी कामाची आहे. बटर, मार्गारिन, चीज, प्रोसेस्ड मांस यांच्या जागी अ‍ॅव्होकाडो आला असता तर किती फरक पडेल याचा हिशोब त्यांनी मांडला आणि फायदा तिथे दिसला.

म्हणजे बघ, रोजचं सगळं तसंच ठेवून वरून एक फळ खाल्लं तर दिवसाला सव्वादोनशे कॅलरी नुसत्या वाढल्या. काहीतरी काढून त्या जागी खाल्लं तरच त्या पैशाचं चीज. सँडविचचंच उदाहरण घे. दोन स्लाइसना मिळून एक मोठा चमचा बटर लागतं, त्यात शंभर कॅलरी आणि सात ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे एलडीएल वाढवणारं. त्याच दोन स्लाइसना तीस ग्रॅम कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो पुरतो, त्यात पन्नासच्या आत कॅलरी आणि सॅच्युरेटेड फॅट एक ग्रॅमपेक्षा कमी. तर नवऱ्याला विचार की बाबा तू कशाच्या जागी खातोयस? ऑफिसातला चीज टोस्ट कमी झाला का, खारी-क्रीमरोल बंद झाले का, की ते सगळं चालूच आहे आणि हा वरचा बोनस? आणि रोज एक कशाला, अर्धं फळ भरपूर झालं, आठवड्यातून तीन-चारदा. उरलेलं अर्धं तू खा गं, घरातल्या बायकांच्या वाट्याला अशा महागाच्या वस्तू येतच नाहीत आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही फोलेट लागतंच की.

सासूबाईंचं शेंगदाण्याचं म्हणणं मी अजिबात उडवून लावणार नाही, त्या बरोबर बोलतायत. शेंगदाण्यातलं जवळपास निम्मं फॅट हे त्याच मोनोअनसॅच्युरेटेड जातीचं असतं, वर मूठभर दाण्यात सातएक ग्रॅम प्रोटीन, जे अर्ध्या अ‍ॅव्होकाडोत जेमतेम दीड ग्रॅम आहे. अ‍ॅव्होकाडोची बाजू अशी की त्यात सत्तर टक्क्यांवर पाणी आहे, त्यामुळे तेवढ्याच कॅलरीत पोट जास्त भरतं आणि फायबर-पोटॅशियम जास्त मिळतं. मग करायचं काय, तर महिन्याचं बजेट ओढाताणीचं असेल तर मूठभर भाजलेले दाणे, दोन चमचे तीळ-जवसाची चटणी आणि एक पेरू एवढ्यात तुमचं काम होतं, पेरूत फायबर आणि सी व्हिटॅमिन दोन्ही भरपूर. खिसा परवानगी देत असेल आणि चव आवडत असेल तर अ‍ॅव्होकाडो जरूर आणा, पण तो नाही मिळाला म्हणून कुणाचं कोलेस्टेरॉल अडून बसत नाही. दाणे घेताना मात्र काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे निवडून टाका, बुरशी लागलेला दाणा लिव्हरला वाईट.

आता तुझ्या काळ्या रेषा. यात फळवाल्याची चूक असेलच असं नाही. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच पिकायला लागतो, म्हणून दुकानात येतो तो टणकच येतो. त्याला घरी आंब्यासारखं अढीत पिकवायचं. तू आल्या आल्या फ्रीजमध्ये टाकतेस तिथेच ते पिकणं थांबतं, आणि कच्चं फळ फार दिवस गारठ्यात राहिलं की आतला गर करडा पडतो, शिरा काळ्या होतात, मग बाहेर काढून ठेवलं तरी नीट पिकत नाही. तर आणल्यावर कागदी पिशवीत एखाद्या पिकल्या केळ्यासोबत गुंडाळून ओट्यावर ठेव किंवा तांदळाच्या डब्यात खुपस, केळ्यातून इथिलीन वायू निघतो त्याने लवकर पिकतो, दोन ते पाच दिवस धर. एप्रिल-मेमध्ये पुण्यात चाळिशीला टेकलेलं असतं तेव्हा ओट्यावर नको, फार उष्णतेने पण धड पिकत नाही, माठाजवळच्या गारव्यात ठेव. रोज एकदा बघायचं. बोटाने चेपायचं नाही, चेपलं तिथे आत डाग पडतो, तळहातात धरून देठाच्या बाजूला हलकंच दाबायचं, थोडंसं दबलं की झालं. देठाचं छोटं टोपण असतं ते नखाने उडवून बघ, खाली हिरवं-पिवळं दिसलं तर कापायला घे, तपकिरी दिसलं तर जास्त झालंय. पिकलं की मग फ्रीजमध्ये, तिथे दोन-तीन दिवस आरामात राहतं. एकदम चार आणण्यापेक्षा दोन टणक आणि एक पिकत आलेलं असं आणलंस तर फेकायची वेळ येणार नाही.

रंगावर विसंबू नकोस. खरखरीत सालीचा हास जातीचा असतो तो पिकताना हिरव्याचा जांभळट काळा होतो, पण आपल्याकडे दक्षिणेतून, कूर्ग, वायनाड, निलगिरीकडून जे मोठे गुळगुळीत सालीचे येतात त्यातले बरेचसे पिकले तरी हिरवेच राहतात, तिथे हातानेच ओळखायचं. हे दक्षिणेतले साधारण पावसाळ्यात जास्त येतात, गर जरा पाणीदार आणि तेल कमी, त्यामुळे टोस्टवर तेवढे मलईदार लागत नाहीत पण कोशिंबीर, रायतं, मिल्कशेकला झकास. आयात केलेल्या हासपेक्षा बहुतेक वेळा स्वस्तही पडतात, अ‍ॅपवर मागवण्याआधी एकदा मार्केट यार्डात किंवा मंडईत चौकशी कर.

कापायच्या आधी साल धुवायची, खायची नसली तरी, कारण सुरी सालीवरचे जंतू आत घेऊन जाते. बी काढताना फळ तळहातावर धरून सुरी मारायची नाही, हात कापून घेतलेले लोक खूप आहेत, चमच्याने उचकटायची. अर्धं उरलं तर बी त्यातच राहू दे, लिंबू चोळून क्लिंग फिल्म किंवा घट्ट झाकणाचा डबा, दुसऱ्या दिवशी संपव. रीलमध्ये दाखवतात तसं पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवू नकोस, हिरवं राहतं खरं पण सालीवरचे जंतू असतील तर ते पाण्यात वाढतात, अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानेच ते करू नका म्हणून सांगितलंय. आणि बी वाळवून पावडर करून खायचं पण चाललेलं असतं, ती नको, रोज खाण्यासाठी ती सुरक्षित आहे हे सिद्ध झालेलं नाही. कुणाकडे लव्हबर्ड्स असतील तर त्यांना गरसुद्धा घालू नका, पक्ष्यांना हे फळ विषारी ठरतं.

भाजी कडू का झाली ते आता कळलं असेल, याला शिजवायचंच नसतं. जास्त वेळ उष्णता लागली की कडवटपणा उतरतो. गॅस बंद केल्यावर वरून घालायचं किंवा कच्चंच.

माझ्या मते आपल्या घरात याची खरी जागा भाकरीसोबत आहे. लवंगी मिरच्या दोन-तीन आणि लसणाच्या चार-पाच पाकळ्या तव्यावर थेंबभर तेलात डाग पडेपर्यंत भाजायच्या, जिरं आणि खडे मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड ठेचायच्या, गार होऊ द्यायच्या, हे गार होणं महत्त्वाचं. मग त्यात पिकलेल्या अर्ध्या फळाचा गर बत्त्यानेच दाबून मिसळायचा, पार पेस्ट नको, मध्ये मध्ये गोळे राहू दे. मूठभर चिरलेली कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, हवा तर बारीक कांदा. गरम ज्वारीच्या भाकरीवर पसरून खायला दे सासूबाईंना, मग त्या काय म्हणतात ते मला कळव. मिरचीचा ठसका गरात मिसळून गोलसर होतो आणि वर तेल-लोणी काही घ्यावंसं वाटत नाही. मेक्सिकोतलं ग्वाकामोले काय वेगळं आहे, तिथेही दगडी खलात मिरची, कांदा, कोथिंबीर आणि हेच फळ. मिरची पण तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली आणि आपली झाली, तिची जुनी जोडीदार आता पोचली एवढंच.

थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवतो तिथे मीठ-लिंबू लावलेला अ‍ॅव्होकाडो ठेवून बघ, लोण्याची चव ती लोण्याचीच, ते सणावाराला असू दे, पण एरवी हे छान जमतं. कणकेत तेलाच्या मोहनाऐवजी दोन चमचे कुस्करलेला गर घालून पराठे मऊ होतात, तव्यावरच्या तेवढ्या वेळात कडू होत नाहीत. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत फोडी घालायच्या तर फोडणी वाटीत काढून गार करून मगच वर ओत. ओल्या भेळेत, मटकीच्या उसळीवर कांदा-कोथिंबिरीबरोबर, दह्यातल्या रायत्यात, कैरीच्या बारीक तुकड्यांसोबत, सगळीकडे चालतं, आंबट आणि तिखट मात्र सोबत हवंच नाहीतर सपक लागतं, सासूबाईंना पहिल्यांदा बेचव वाटलं असेल तर त्याचं कारण तेच. दक्षिणेत दूध-साखर घालून मिल्कशेक करतात तो चवीला मस्त असतो, पण तुझ्या नवऱ्यासाठी नको, त्यात साखर आली की सगळा हिशोब बिघडला.

मुलीला खुशाल दे. सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू होतं आणि हे फळ मऊ, सौम्य, चावावं लागत नाही. पूर्ण पिकलेला गर काट्याने नीट कुस्करून, मीठ-साखर काही न घालता, पहिल्या दिवशी एक-दोन छोटे चमचे, आणि त्या दोन-तीन दिवसांत दुसरा कुठला नवीन पदार्थ नको म्हणजे अंगावर काही उठलं तर कशाने ते कळेल. घरात कुणाला रबरी हातमोजे, फुगे यांची अ‍ॅलर्जी असेल किंवा केळं-किवी खाल्ल्यावर तोंडात खाज येत असेल तर मात्र त्या माणसाने जपून, लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीवाल्यांना अ‍ॅव्होकाडोही बाधू शकतो. आणि हे तिच्या वरण-भात-तूप आणि नाचणीच्या सत्त्वाची जागा घेणार नाही गं, लोह आणि प्रोटीन तिला डाळ-नाचणीतूनच मिळायचंय, हे अधूनमधून.

आता नवऱ्याचा पुढचा तीन महिन्यांचा बेत असा कर. बटर-चीज-बेकरी काढून त्या जागी हे किंवा दाणे, रोज एक वाटी उसळ, नाश्त्याला आठवड्यातून दोन-तीनदा ओट्सचा उपमा कारण ओट्समधल्या विद्राव्य फायबरने एलडीएल खरंच थोडं उतरतं, आणि कंपनीतून आल्यावर रोज अर्धा तास भरभर चालणं. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. त्याच्या घरात कुणाला कमी वयात हार्ट अ‍ॅटॅक आलेला असेल तर तीन महिने पण थांबू नका, तो इतिहास आत्ताच डॉक्टरांना सांगा, कारण मग 148 कडे ते वेगळ्या नजरेने बघतील. आणि त्यांनी गोळी सुरू करायला सांगितली तर "मी अ‍ॅव्होकाडो खातोय ना" म्हणून ती टाळू देऊ नकोस त्याला.